अकरावीचा वर्ग पुन्हा जोडायचाय, पण सुरुवात मेळाव्यापासून नको

वाचकाचं पत्र

मी आर्वी तालुक्यातला, वय ७१. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली तेव्हा आम्ही जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होतो. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ, म्हणून रात्री कंदिलावर पोतं टाकायचो. मास्तरांच्या रेडिओभोवती सारा वर्ग जमायचा. जवानांसाठी आम्ही घरोघरी फिरून पैसे गोळा केले. वर्गात अडतीस जण होतो, त्यांत सात मुली. आज बोलणं होते फक्त सहा जणांशी. नातवानं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करून दिला, अकरा जण आले. पण सकाळ झाली की फुलांचे फोटो, मग राजकारणावरून दोघांची जुंपली. एक दिवस लढाईचे फॉरवर्ड आले आणि माझा जिवाभावाचा मित्र ग्रुप सोडून गेला. त्याचा थोरला भाऊ त्याच लढाईत पश्चिमेकडे कामी आला होता. आता तो माझाही फोन उचलत नाही. बाकीचे कसे शोधू? मुलींचा तर मागमूस नाही. येत्या १६ डिसेंबरला शाळेत मेळावा घ्यावा म्हणतो. मित्राले कसं बोलावू?

उत्तर

रामराम भाऊ,

मेळावा जरूर घ्या, पण सुरुवात त्यानं करू नका. जुन्या वर्गांचे बहुतेक मेळावे एकदा होतात, फोटो निघतात आणि सहा महिन्यांत सगळे पुन्हा आपापल्या घरी गप्प होतात. कारण मेळाव्याच्या आधी आणि नंतर कोण कोणाला फोन करणार, हे ठरलेलंच नसतं. तुमच्या वयात संबंध टिकतो तो दोन गोष्टींवर: एक नीट ठेवलेली वही आणि ठरल्या दिवशी येणारा फोन. ग्रुप आणि मेळावा त्यानंतर.

दोनशे पानी लाँगबुक घ्या आणि एका माणसाला एक पान द्या. वर शाळेतलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली तेव्हाचं गाव, आताचं गाव आणि तालुका, स्वतःचा फोन, मुलाचा किंवा सुनेचा फोन, कोणत्या वेळी फोन केलेला चालतो, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं. शेवटी, ही माहिती कोणी दिली आणि कधी. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तिथंच घोळ होतो. "तो तर गेला म्हणतात" असं कोणीतरी बसस्टँडवर सांगतं, ते वहीत जातं आणि दोन वर्षांनी कळतं की माणूस मुलाकडे नागपुरात ठणठणीत आहे. निधनाची नोंद घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय करायची नाही, एवढा नियम पाळा.

आता शोध. पहिली जागा शाळा. तिथलं दाखल-खारीज रजिस्टर, ज्याला जनरल रजिस्टरही म्हणतात, कायमस्वरूपी जपायचं दप्तर आहे. त्यात प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा: अमुक सालचे विद्यार्थी आहोत, वर्गमित्रांची नावं व गावं पाहायची आहेत. जून-जुलैत जाऊ नका, दाखल्यांची गर्दी असते. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षा असतात. ऑगस्ट-सप्टेंबरातला एखादा साधा दिवस, अकरा-साडेअकराची वेळ बरी.

नोंदीची झेरॉक्स मागू नका आणि मोबाईलवर फोटोही काढू नका. त्या पानावर लोकांची जात, जन्मतारीख सगळं असतं. ती पानं ग्रुपवर फिरली तर लोक दुखावतील आणि शाळाही पुढच्या वेळी दार उघडणार नाही. क्लार्कसमोर बसून फक्त नाव आणि गाव हातानं उतरवून घ्या.

तिथं तीन ठिकाणी माणूस फसतो. एक म्हणजे तुमची अकरावी. १९७५ पासून दहावीच्या नव्या पद्धतीची परीक्षा सुरू झाली, त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी. आजच्या तरुण क्लार्कला "अकरावीचं रजिस्टर" म्हटलं की ज्युनिअर कॉलेज आठवतं आणि तो सांगतो, "तेव्हा आपल्याकडे अकरावी नव्हतीच." म्हणून "जुनी मॅट्रिक, मार्च १९७२ ची बॅच" असं सांगा. दुसरी गोष्ट, एकच साल पाहू नका. मार्चात नापास होऊन ऑक्टोबरात सुटलेले आणि वर्ष वाया गेलेले पुढच्या सालात सापडतात. मॅट्रिकच्या आधीच घरासाठी शाळा सोडून कामावर गेलेले नववी-दहावीतल्या नोंदीतच थांबलेले असतात. तेही तुमचेच.

तिसरी अडचण गावांची. तेव्हा वर्धा जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी असे तीनच तालुके होते. रजिस्टरात "ता. आर्वी" लिहिलेलं गाव आज आष्टी किंवा कारंजा तालुक्यात असू शकतं. अप्पर वर्धा आणि धनोडीजवळचं निम्न वर्धा या धरणांमुळे नदीकाठची काही गावं उठली. त्यांतल्या लोकांना जुन्या जागी विचारून काही कळणार नाही, त्या गावाचं पुनर्वसन कुठं झालं ते तहसीलमधून किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीतून आधी काढा. वर्गातलं कोणी पलीकडच्या भागातलं असेल तर हेही लक्षात ठेवा, की गडचिरोली १९८२ साली, वाशीम १९९८ साली आणि गोंदिया १९९९ साली वेगळे जिल्हे झाले. पत्ता शोधताना जुना जिल्हा चालत नाही.

यादी हातात आली की गावागावात कोणाला विचारायचं? पोलीस पाटील, आशाताई आणि रेशन दुकानदार. या तिघांना घर न् घर माहीत असतं. नाव सांगताना वडिलांचं नाव आणि आळी सांगा, कारण एका गावात एकाच नावाचे चौघे निघतात. डेपोत किंवा सरकारी नोकरीत गेलेल्यांसाठी नोव्हेंबर महिना सोन्यासारखा. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, बँकेत सगळे येतात. तिथं दोन सकाळी जरी बसलात तरी डेपोतल्या चार जणांचा माग लागेल.

सैन्यात गेलेल्यांसाठी वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची नोंद तिथं असते. कोणत्या रेजिमेंटमध्ये होता हे ठाऊक असेल तर सांगा, महार रेजिमेंट म्हणा की मराठा लाइट इन्फंट्री, शोध सोपा होतो. पत्ता ते हातात देतीलच असं नाही आणि देऊही नये. तुमचं पत्र बंद पाकिटात द्या, आत तुमचा फोन नंबर लिहा आणि पोचवण्याची विनंती करा. ज्याला बोलायचं असेल तो फोन करेल.

मुलींचा शोध वेगळ्या वाटेनं घ्यावा लागतो. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं, म्हणून आजच्या मतदार यादीत जुनं नाव शोधून हाती काही लागत नाही. रजिस्टरात मात्र माहेरचं गाव आणि वडिलांचं नाव आहे. त्या घरी आज भाऊ, भाचा, पुतण्या कोणीतरी असेल. त्यांना शाळेचं नाव, साल आणि कशासाठी विचारता ते आधी सांगा, मग "ताई कोन्या गावी दिली?" हे विचारा. भाऊबीजेच्या चार दिवसांत बहिणी माहेरी येतात, तेव्हा निरोप पोचवणं सगळ्यात सोपं. सासरी थेट फोन करू नका. एक मुलगी सापडली की पुढचे फोन तिनंच करावेत आणि वहीची एक प्रत तिच्याकडे असावी. सातांपैकी एखादी "नको" म्हणाली तर तिचं पान तसंच राहू द्या, नंबर कोणालाही देऊ नका.

आता पहिला फोन. अनोळखी नंबर म्हातारी माणसं उचलत नाहीत, फसवणुकीच्या भीतीनं मुलांनीच तसं बजावलेलं असतं. म्हणून आधी मुलाला किंवा सुनेला फोन करून वेळ घ्या. दुपारी एक ते तीन ही वेळ गावाकडे बरी, कारण ओलिताच्या दिवसांत रात्री लाईन आली की माणूस शेतात असतो. आणि "ओळखा पाहू कोण?" हे कधीच म्हणू नका. ज्याची आठवण आता सुटत चालली आहे त्याला त्या एका वाक्यानं घाम फुटतो, पुढचा फोन तो घेत नाही. सरळ सांगा, "मी अमक्या गावचा, तुह्यासंग अकरावीत होतो, गणिताच्या मास्तरचा मार दोघांनीही खाल्ला." मग पुलगाव-आर्वीची छोटी गाडी, पत्रावर लावावं लागणारं पाच पैशांचं निर्वासितांचं जादा तिकीट, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, असलं हाताला लागणारं काहीतरी काढा. मोठ्या प्रश्नांना लोक "बरं आहे" म्हणतात, मिलोच्या भाकरीवर मात्र बोलत राहतात. पहिला फोन आठ-दहा मिनिटांत आटोपा.

पंचवीस जण सापडले तर एकट्यानं पंचवीस फोन करत बसू नका, दोन महिन्यांत थकाल. पाच जण निवडा, प्रत्येकाकडे पाच नावं द्या. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला. कोणाचा फोन लागोपाठ दोन महिने लागला नाही तर फोन करणाऱ्यानं तुम्हाला कळवायचं आणि मग कोणीतरी घरी जाऊन यायचं. ज्यांच्याकडे फोनच नाही किंवा ऐकूच येत नाही, त्यांना पोस्टकार्ड टाका. ठळक, मोठ्या अक्षरांत पाच ओळी पुरेत.

ग्रुप बंद करू नका, पण त्याची घडी बदला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिननंच संदेश पाठवायची सोय असते, ती सुरू करून घ्या. अ‍ॅडमिन दोन ठेवा, एक तुम्ही आणि एक बाई. आजारपण, निधन, घरचं लग्न आणि भेटीची तारीख एवढंच तिथं जाईल. फुलं आणि राजकारण ज्यांना हवं त्यांनी आपसात पाठवावं, त्यावर वाद घालू नका. ग्रुपवर किंवा फोनवर कोणी वर्गमित्राच्या नावानं पैसे मागितले तर आधी वहीतल्या नंबरावर फोन करून आवाज ऐकायचा, मगच पुढचं. हे सगळ्यांना पहिल्याच संदेशात सांगा. ओटीपी तर कोणालाही सांगायचा नाही.

तुमच्या मित्राबद्दल.

त्याला ग्रुपवरून, फोनवरून किंवा कोणाकरवी निरोप धाडून बोलावू नका. घरी जा. एकटे गेलात तर बोलणं अडेल तेव्हा दोघंही अवघडाल, चौघं गेलात तर त्याला शिष्टमंडळ आल्यासारखं वाटेल, म्हणून सोबत एकालाच घ्या आणि तो ग्रुपवर भांडलेल्यांपैकी नसावा. मेळाव्याचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. एवढंच म्हणा, की त्या दिवशी ग्रुपवर जे आलं ते यायला नको होतं आणि आम्ही ते थांबवलं नाही. कोणी पाठवलं, त्याचा हेतू काय होता, हे सांगत बसू नका. त्यानं त्याचं दुःख हलकं होत नाही, पाठवणाऱ्याची बाजू घेतल्यासारखं तेवढं होतं.

एक गोष्ट तुम्ही नीट पाहिलेली दिसत नाही. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि पश्चिम आघाडीवर १७ तारखेच्या रात्री आठला बंदुका थांबल्या. देशाला १६ तारीख विजयाची. त्याच्या घरात मात्र दुसरी एखादी तारीख असणार. भाऊ कोणत्या दिवशी गेला, तार कोणत्या दिवशी आली, ते त्याला विचारा आणि तो सांगेल तेव्हा मधे बोलू नका. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्या घरात तार आली त्या घरातल्या धाकट्याला तेव्हा कोणी काही विचारलं नसेल. सगळे आईवडिलांकडे बघत होते. विचारणारा पहिला माणूस तुम्ही असाल, अशी शक्यता मला मोठी वाटते.

तो बोलला तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एवढंच विचारा, की आम्ही भेटू तेव्हा दादांचं नाव घ्यावं का. "घ्या" म्हणाला तर नाव, पलटण आणि तारीख त्याच्याकडूनच लिहून घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेल्या जवानांची नावं दगडावर कोरली आहेत आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. त्याच्या घरच्यांना ते नाव तिथं दाखवून द्या, नातवाला पाच मिनिटांचं काम आहे. "नको" म्हणाला तर नाव घ्यायचं नाही, स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ तर मुळीच नाही. आणि तो मेळाव्याला आलाच नाही तरी त्याचा महिन्याचा फोन तुमच्याकडेच ठेवा, दुसऱ्या कोणाला देऊ नका.

मेळाव्याची तारीख म्हणून १६ डिसेंबर मला पटत नाही. एक कारण वर आलंच. दुसरं, तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत म्हणून सत्तरीतली माणसंही धुऱ्यावर उभी असतात. संक्रांतीनंतरचा जानेवारीतला रविवार धरा, हरभरा काढायला अजून वेळ असतो. वेळ अकरा ते चार. सकाळी थंडी असते आणि संध्याकाळी लवकर अंधारतं. परतीच्या बसेस कोणत्या आणि शेवटची कधी, ते आगारात जाऊन लिहून आणा, पाटीवरचं वेळापत्रक रविवारी लागू असेलच असं नाही. निमंत्रणात हेही कळवा: एस.टी.त ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत आणि बायकांना कोणत्याही वयात निम्मं, मात्र आधारकार्ड जवळ हवं. पुण्या-मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्यांना ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यांनी त्या हिशेबानं यावं.

जागेत सगळ्यात जास्त फजिती संडासामुळे होते. शाळेतले संडास खाली बसायचे आणि लहान मुलांचे. गुडघे बदललेल्या माणसाला तिथं बसता येत नाही, म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी त्याला चक्कर येते. मेडिकल साहित्याच्या दुकानातून दोन कमोड खुर्च्या भाड्यानं आणा, एक बायकांकडे, एक पुरुषांकडे. बसायला हात असलेल्या खुर्च्या, तळमजल्याची खोली. पाच-सहा जणांचे गोल करून बसवा, एका मोठ्या रांगेत नको, कारण कमी ऐकणाऱ्याला समोरचं तोंड दिसलं तरच बोलणं कळतं. माईकची गरज नाही, श्रवणयंत्र लावणाऱ्याला त्याच्या मोठ्या आवाजाचा त्रास होतो. छातीवर मोठ्या अक्षरांत शाळेतलं नाव लावा, बायकांचं माहेरचं.

जेवण साडेबाराला, गोळ्या-इन्सुलिनवाले थांबू शकत नाहीत. सोबतची माणसं धरून चाळीस जणांना तांदूळ ३ किलो, तूरडाळ २ किलो, कणीक ४ किलो, वांगी ६ किलो पुरतात. तिखट बेतानं, ठेचा वेगळा ठेवा.

गेलेल्यांची नावं एका कागदावर लिहून दाराशी लावा आणि सुरुवातीलाच दोन मिनिटं उभं राहा. हजेरी घेऊन एकेकाचं नाव पुकारू नका. अडतीसपैकी किती नावांपुढे आवाज येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यानंतर जेवणापर्यंत कोणी मोकळं बोलत नाही. भाषणं नकोत, पाहुणे नकोत. लढाईच्या दिवसांच्या आठवणी ज्याला सांगायच्या त्यानं आपल्या गोलात सांगाव्या. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून, एकेकाचं वीसेक मिनिटं.

उठण्याआधी पुढच्या वर्षाचे पाच फोन करणारे ठरवा आणि त्यांच्यासमोर वहीची दुसरी प्रत वर्गातल्याच कोणाच्या पन्नाशीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. तुम्ही आजारी पडलात तर वही कुठं आहे हे घरात कोणाला माहीत नसतं, असं फार वेळा होतं.

शाळेचा अर्ज मात्र आत्ताच लिहा. मित्राच्या घरी जायला शाळेच्या यादीची वाट पाहू नका, या आठवड्यात जा.